शनिवार-रविवारचे भांडवल

व्यापारी घरात ‘शनिवार-रविवार’ हा शब्द फारसा रुळलेला नाही. आपल्याकडे बाजारबंदीचा एक दिवस असतो आणि तोही उधारी-वसुलीत, माल मोजण्यात किंवा लग्नकार्यात निघून जातो. बँकेत आम्हांलाही १ सप्टेंबर २०१५पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी पूर्ण सुट्टी मिळू लागली; त्याआधी शनिवार अर्ध्या दिवसाचा असे. त्यामुळे आठवड्यातले दोन सलग दिवस माणसाने कसे खर्चावेत, हा विचार निवृत्तीनंतरच माझ्या मनात आला आणि तो शिकवला माझ्या भाचीने.

ती अमेरिकेत पिट्सबर्ग येथे एम.एस. करते. तिच्या वडिलांचे बार्शीला भुसार मालाचे दुकान आहे. गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या आरंभी मी मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो, तेव्हा दोन दिवस तिच्याकडे राहून येण्याचे ठरले. निघताना मेहुण्यांनी फोनवर एवढेच म्हटले, “कर्जाची काळजी नाही, ते फिटेल. पण पोरगी हातची जात नाही ना, तेवढं पाहून या.” बहिणीचा प्रश्न अधिक साधा होता, “ती नीट जेवते का?” या दोन प्रश्नांची उत्तरे घेऊन येणे, एवढेच माझे काम होते.

शनिवारी सकाळी ती मला शहराबाहेरच्या एका फूड बँकेत घेऊन गेली. ‘बँक’ या शब्दाने माझे कान टवकारले. अशी पहिली संस्था जॉन व्हॅन हेंगेल या गृहस्थांनी १९६७ साली ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात सुरू केली. ज्याच्याकडे जादा अन्न आहे त्याने ते जमा करावे आणि गरजूने काढून न्यावे, ही त्यामागील कल्पना. ठेव एकाची, उचल दुसऱ्याची आणि व्याज कोणालाच नाही! सद्‌भावनेने अन्न देणाऱ्यावर पुढे दावा होऊ नये, म्हणून तेथे १९९६ साली स्वतंत्र कायदाही झाला आहे.

भलेमोठे गोदाम, लांबच लांब टेबले आणि त्यांभोवती शाळकरी मुलांपासून माझ्या वयाच्या आजीआजोबांपर्यंत सारे. आलेला माल पाहणे, निवडणे आणि खोक्यांत भरणे हे काम. डबा शिवणीवर चेपला असेल किंवा फुगला असेल, तर तो बाजूला काढायचा. वेष्टनावरची तारीख उलटली म्हणजे माल टाकाऊ झाला असे नव्हे. तिथल्या बहुतेक तारखा चव आणि दर्जा यांच्याबद्दल असतात, हे मला तिथेच कळले. भाची डाळीच्या पिशव्या हाताळत होती. एक पिशवी नुसती उचलूनच तिने सांगितले, “यात ओल आहे.” उघडली तर खरेच! दुकानातल्या गादीशेजारी गेलेले बालपण असे सातासमुद्रापार उपयोगी पडत होते.

माझ्या मनात एक शंका होती. तेथे मांसाचे डबेही येतात. तिने सांगितले, “मामा, पहिल्याच दिवशी मी धान्याचं टेबल मागून घेतलं. कारण एकदा विचारलं, पुन्हा कोणी विचारलं नाही.” मग कांदे-बटाट्यांचे काय? ते मात्र ती भरते. “नियम माझ्या ताटाचा आहे. घेणाऱ्याच्या ताटात मी तो कसा घालू?” यावर घरोघरी वेगवेगळी मते पडतील. मला एवढेच दिसले, की तिने विचार करून रेघ आखली आहे आणि ती रेघ कुणाला दुखावणारी नाही.

दुपारी घरी येऊन ती केक करायला बसली. अंड्याऐवजी दही. दह्याचा आंबटपणा आणि खाण्याचा सोडा एकत्र आले, की वायूचे बुडबुडे उठतात आणि तेच मिश्रण फुलवतात. म्हणून ते कालवल्यावर रेंगाळायचे नाही, लगेच ओव्हनमध्ये ठेवायचे. दही मात्र वेष्टन वाचून घ्यावे लागते. काही दह्यांत जिलेटिन असते आणि ते प्राणिज असते. व्हॅनिला अर्कात मद्यार्क असतो, म्हणून तिने वेलची आणि केशर घातले. केकला बार्शीच्या घरातल्या श्रीखंडाचा वास सुटला.

रविवारी मित्रमैत्रिणी आल्या, त्या दुपारी तीन वाजता. त्याच पहाटे तिथली घड्याळे एक तास मागे गेली होती आणि सूर्यास्त सव्वापाचच्या आत होणार होता. भाचीचे जेवण त्याआधी उरकते, हे सर्वांना ठाऊक होते. तिची एक इथिओपियन मैत्रीण बुधवारी आणि शुक्रवारी मांस, दूध, अंडी वर्ज्य करणाऱ्या ख्रिस्ती परंपरेतली. ती म्हणाली, “हिचा नियम समजायला मला एक मिनिटही लागलं नाही. माझी आजी अशीच आहे.” मुगाची डाळ, फुलके, भात आणि केक, पाच देशांची सात मुले एका चटईवर बसून जेवली आणि हसली.

सर्व गेल्यावर भांडी पुसताना ती सहज बोलून गेली. पहिल्या सत्रात शुक्रवारी संध्याकाळी दार लावले, की सोमवारी सकाळपर्यंत ती कोणाशी एक शब्दही बोलत नसे. आईला फोनवर “सगळं छान आहे” म्हणायची. परत यावे, असेही एकदा मनात आले होते. “फूड बँकेत गेले, कारण तिथे बोलायची गरज नव्हती, हात चालले की पुरे. बोलणं नंतर आपोआप सुरू झालं.”

आयुष्यभर मी शैक्षणिक कर्जाचे अर्ज तपासले. फी, राहणे, विमानभाडे, पुस्तके यांचे रकाने भरलेले असत. या एकटेपणासाठी तिथे रकाना नव्हता आणि आपल्या घरांच्या हिशेबातही तो नसतो. मूल हातचे जाईल, या भीतीने आपण त्याला माणसांपासून जपायला पाहतो. मला तर उलटे दिसले. त्या मुलीचा नियम टिकला, तो दार लावून बसल्याने नव्हे. दार उघडून चार जणांना आपल्या वेळेवर जेवायला बोलावल्याने.

मेहुण्यांना मी तसेच सांगितले आणि बहिणीलाही, की ती नीट जेवते आणि एकटी जेवत नाही. ज्यांची मुले दूर शिकत आहेत, त्या वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. फोनवर अभ्यास आणि खर्च जरूर विचारा, पण त्याआधी विचारा, “या शनिवारी कोणाबरोबर होतास? रविवारी कोणाबरोबर जेवलीस?” उत्तर यायला वेळ लागला, तर फोन लगेच ठेवू नका.