पावणेपाचचा सूर्यास्त



युरोपातून परत येऊन पंधरा दिवस झाले. बॅगा रिकाम्या झाल्या, लोकरीचे कपडे उन्हात घालून झाले, पण एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून लिहिते.

मुलगा नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला असतो. डिसेंबरच्या सुट्टीत त्याने आम्हाला गाडीने स्वित्झर्लंडपर्यंत फिरवून आणलं. बर्फाचे डोंगर तुम्ही फोटोत पाहिलेच असतील. मी सांगणार आहे ते परतीच्या शेवटच्या दोन दिवसांबद्दल.

आमच्या महाडला डिसेंबरातही सूर्य सहानंतर मावळतो. हे एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला असत तेव्हाही डबा नेऊन दिवस असेपर्यंत जेवून घेत. इतकी वर्षं आमचं घर या नियमावर चाललं. तिकडे मात्र सकाळी साडेआठला उजाडतं आणि पावणेपाचच्या आत सूर्य गेलेला असतो. आठ तासांच्या दिवसात नाश्ता, जेवण, औषधं सगळं बसवायचं! मुलाने फोनवर रोजच्या सूर्यास्ताचा गजर लावला होता. तासभर आधी वाजला की तो गाडी बाजूला घेई आणि मी दशम्या, शेंगाची चटणी काढी. दहा दिवस हे बिनचूक चाललं. मला त्याचा थोडा अभिमानही वाटत होता. तोच नडला.

लक्झेंबर्गहून निघालो, त्या दिवशी अँटवर्प गाठायचं होतं. बेल्जियमच्या आर्देन डोंगराळ भागात बर्फ सुरू झाला. पुढे एक ट्रक आडवा झाला होता म्हणे. आपल्या कशेडी घाटात पावसाळ्यात लागायची तशी रांग, फक्त हॉर्न एकही नाही. अर्ध्या तासात थांबणारच आहोत, म्हणून मी जेवणाआधीची साखरेची गोळी घेऊन टाकली होती. रांग हलेना. गजर वाजला तेव्हा मुलगा उतरला, डिकी उघडली आणि तसाच उभा राहिला. डब्याची पिशवी हॉटेलच्या खोलीत राहिली होती. मीच ठेवली होती, दाराजवळ, विसरू नये म्हणून!

आभाळ भरलेलं, सूर्य दिसतच नव्हता. तो कधी गेला ते फोननेच सांगितलं. मी म्हटलं, “असू दे, आज उपास.” थोड्या वेळाने हात थरथरायला लागले. घाम आला, बाहेर बर्फ पडत असताना. सूनबाईने ओळखलं. “आई, साखर उतरलीय तुमची. काहीतरी घ्या.” मी मान हलवली. बावीस वर्षांपूर्वी कुंभोज-बाहुबलीला नियम घेतला, तेव्हा औषधाचीसुद्धा सूट ठेवली नव्हती. तरुण होते, ताठ होते.

तेवढ्यात पाच वर्षांच्या नातीने स्वतःचा सफरचंदाच्या रसाचा डबा माझ्या हातात दिला. “आजी, माझं घे. मी थोडंसंच प्यायलेय.”

मी प्यायले.

रात्री अँटवर्पच्या खोलीत झोप आली नाही. नियम मोडल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त सासूबाई आठवत होत्या. शेवटच्या दुखण्यात त्या रात्री कपभर दूध घेत. मी देत असे, पण न बोलता, कप जरा आपटूनच. त्यांना ते कळत असणार.

सकाळी अँटवर्पच्या विल्राइक उपनगरातल्या जैन मंदिरात गेलो. हिऱ्याच्या व्यापारासाठी गेलेल्या, बहुतेक पालनपूरकडच्या कुटुंबांनी हे शंखेश्वर पार्श्वनाथांचं मंदिर बांधलं. 2010 साली ते उघडलं. पांढराशुभ्र संगमरवर, भोवती बर्फ. मंदिर श्वेतांबर आहे, आमचं घराणं दिगंबर. आमच्या सांगलीकडच्या मूर्तींची दृष्टी खाली झुकलेली, इथल्या मूर्तीचे डोळे उघडे आणि तेजस्वी. त्या डोळ्यांसमोर काही लपवता येईना. बसून णमोकार म्हटला, आलोचना केली. रसाची थोडी, कपाची जास्त.

आता इथे आल्यावर नियम चालूच आहे. चातुर्मासात महाराजांना विचारून औषधाची आणि साखरेची सूट मागून घेणार आहे. मागायला लाज वाटत नाही आता.

डिसेंबरात तिकडे जाणाऱ्यांनी एवढं करा : डब्याची पिशवी डिकीत नाही, पायाशी ठेवा. गोळी घास समोर आल्यावरच घ्या. खजूर पर्समध्ये असू द्या. आणि घरात कुणी म्हातारं माणूस रात्री दूध मागत असेल तर कप हळू ठेवा.