रेवाडीची एंजिनशाळा

गेल्या माघ महिन्यांत कांहीं घरगुती कामासाठीं दिल्लीस जाणें झालें. मुक्काम पुतण्याच्या बिऱ्हाडीं होता. काम उरकल्यावर चाणक्यपुरींतील राष्ट्रीय रेल्वे-संग्रहालय पाहून आलों आणि रात्रीं जेवतांना तेथील जुन्या एंजिनांची स्तुति करूं लागलों. तेव्हां पुतण्या म्हणाला, "काका, तेथें एंजिनें मांडून ठेविलीं आहेत. पेटविलेलीं पाहावयाचीं असतील तर रेवाडीस जावें." बालपणीं ज्याच्या शिटीवर आमच्या आळींतील घड्याळें लागत, तें वाफेचें एंजिन पुन्हां एकदां जिवंत पाहावयास मिळेल, या आशेनें दुसऱ्याच दिवशीं पहाटे निघालों.

रेवाडी हें हरियाणांतील गांव दिल्लीपासून सुमारें ८० किलोमीटरांवर आहे. रुळांच्या दोन्ही अंगांस मोहरीचीं शेतें पिवळीं धमक झालीं होतीं. स्टेशनाजवळच १८९३ सालीं बांधलेली एंजिनांची शेड आहे. वाफेचीं एंजिनें बंद पडल्यावर ती बरेच दिवस उपेक्षित होती. २००२ सालीं तिचा जीर्णोद्धार होऊन ती प्रेक्षकांस खुली झाली. आंत पाऊल टाकतांच कोळसा आणि तापलेलें तेल यांचा ओळखीचा वास आला. १९६५ सालीं चित्तरंजनच्या कारखान्यांत तयार झालेलें 'अकबर' नांवाचें धिप्पाड एंजिन तेथें आहे. चित्रपटांतून तें पुष्कळांनीं पाहिलें असेल. परंतु माझे पाय थबकले ते एका लहानशा, उंच धुराड्याच्या एंजिनापुढें. तीच 'फेअरी क्वीन', म्हणजे परीराणी.

हिचें चरित्र एखाद्या पुराणांतील आख्यानासारखें आहे. १८५५ सालीं इंग्लंडांतील लीड्स येथें किट्सन, थॉम्प्सन आणि ह्यूइट्सन यांच्या कारखान्यांत हिचा जन्म झाला. ईस्ट इंडियन रेल्वेनें हिला २२ हा क्रमांक देऊन हावडा ते राणीगंज या मार्गावर जोडलें. १८५७ च्या धामधुमींत हिनें इंग्रजांच्या पलटणी वाहिल्या. नांव मिळालें तें मात्र १८९५ सालीं. १९०९ सालीं कामावरून दूर झाल्यावर हावड्याच्या स्टेशनाबाहेर एका चौथऱ्यावर हिची स्थापना झाली आणि तेथें ही ३४ वर्षें ऊनपाऊस सोशीत उभी राहिली. १९४३ सालीं चंदौसी येथील रेल्वेच्या शिक्षणशाळेंत हिची रवानगी झाली. १९७२ सालीं राष्ट्राचा ठेवा म्हणून हिला मान्यता मिळाली आणि पुढें दिल्लीच्या संग्रहालयांत स्थान लाभलें. एवढ्यावर कथा संपावयाची. पण १९९७ सालीं हिला दुरुस्त करून पुन्हां पेटविलें, आणि ८८ वर्षांच्या विश्रांतीनंतर ही स्वतःच्या वाफेवर धांवली! १९९८ सालीं नियमित चालणारें जगांतील सर्वांत जुनें वाफेचें एंजिन म्हणून गिनेसच्या ग्रंथांत हिची नोंद झाली.

पुढें २०११ सालीं चोरांनीं हिचे महत्त्वाचे भाग लांबविले. चेन्नईंतील पेरांबूरच्या कारखान्यांत नाहीसे झालेले भाग नव्यानें घडवावे लागले. तेव्हां कोठें २०१७ सालीं ही पुन्हां धांवूं लागली. इतके अवयव बदलल्यावर ही तीच परीराणी म्हणावी काय, असा तार्किकांस प्रश्न पडेल. मला तो तेथें पडला नाहीं. मंदिराचा जीर्णोद्धार केला म्हणून देव कांहीं दुसरा होत नाहीं.

त्या दिवशीं परीराणी गारच होती. पण शेजारच्या एका एंजिनांत आदल्या सायंकाळीं विस्तव घातलेला होता. तेथील एका वृद्ध फिटरास मीं विचारलें, "इतका वेळ कशास लागतो?" तो हंसून म्हणाला, "मास्टरजी, घाई केली तर पत्रा एकीकडे तापून फुगतो, दुसरीकडे गार राहतो आणि सांधे ओढले जातात." भट्टीच्या छतांतील शिशाचें बूच त्यानें दाखविलें; वर पाणी कमी पडलें तर तें वितळून वाफ विस्तवावर येते आणि धोक्याची सूचना मिळते. भट्टींतील उष्ण वायु अनेक नळ्यांतून धुराड्याकडे जातात आणि भोंवतींचें पाणी तापवितात. मी म्हणालों, "म्हणजे आमच्या घरचा बंबच हा! त्याला नळी एक, याला अनेक."

मग त्यानें उघड्यावर मांडलेल्या एंजिनांची व्यथा सांगितली. धुराड्यांतून पावसाचें पाणी आंत शिरतें आणि तेथील राख-काजळीशीं मिळून पत्रा खातें. बॉयलरच्या आच्छादनाखालीं ओल मुरते. वरून रंगाचा हात फिरतो, आंतून गंज पोखरीत असतो. ऐकतांना मी ओशाळलों. आमचा आजोबांच्या वेळचा बंब गॅस आल्यावर मींच ओटीवर शोभेस मांडला. दर दिवाळीस चिंच लावून तो लखलखीत करीत असूं, पण आंतली राख कोणी काढली नाहीं. दोन वर्षांपूर्वीं नातवाच्या मुंजींत हौसेनें पेटविला, तों तळांतून पाणी गळून विस्तव विझला!

संस्कृतांत योगक्षेम असा एक शब्द आहे. न मिळालेलें मिळविणें हा योग, आणि मिळालेलें राखणें हा क्षेम. चौथऱ्यावर एंजिन बसविलें, हारतुरे झाले, म्हणजे योग साधला. क्षेम तेथून पुढें सुरू होतो आणि त्याला समारंभ नसतो. दोहोंवांचून काय होतें, याचें उदाहरण आपल्या घरचेंच आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास जी पहिली उतारूंची गाडी गेली, तिला साहिब, सिंध आणि सुलतान अशीं तीन एंजिनें होतीं. चौदा डबे, चारशें पाहुणे, एकवीस तोफांची सलामी, हें सर्व आपण मुलांस पाठ करवितों. पण त्या तिहींपैकीं एकही दाखवावयास आज आपल्यापाशीं नाहीं. हावड्याच्या चौथऱ्यानें परीराणीस निदान मोडीपासून तरी वांचविलें. आमच्या तिघांस चौथराही लाभला नाहीं.

म्हणून वाचकांस विनंति एवढीच कीं, स्टेशनाच्या आवारांत एखादें जुनें एंजिन दिसल्यास मुलांसह छायाचित्र काढून लगेच निघूं नये. त्यावर छप्पर आहे काय, धुराडें झांकलेलें आहे काय, चाकांखालीं पाणी सांचतें काय, हें पाहावें. नसेल तर स्टेशनमास्तरांस दोन ओळी लिहाव्या. मुलांस त्यावर चढूं न देतां भट्टी कोठें आणि पाणी कोठें तें समजावून द्यावें.

घरीं आल्यावर प्रथम बंब उपडा करून राख काढली आणि तांबटास दाखविला. तळ नवा घालावा लागेल, पण मधली नळी अजून शाबूत आहे, असें तो म्हणाला. तळ घालावयास दिला आहे.