अन्नाची सोयरीक

पुणे जिल्ह्यातील चाकण हे गाव कांद्याबटाट्यांच्या बाजारासाठी फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. पुढे पिंपरी-चिंचवडची कारखानदारी उत्तरेकडे पसरत गेली आणि चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे राहिले. जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीचा कारखाना येथे २००९ साली सुरू झाला. अशा कारखान्यांमुळे या भागातील कित्येक तरुण तंत्रज्ञ कामानिमित्त जर्मनीस जाऊन येतात.

वोल्फ्सबुर्ग हे या कंपनीचे मूळ गाव. कारखान्यासाठीच ते १९३८ साली वसविले गेले. कालव्याच्या काठी विटांची लांबच लांब भिंत आणि चार उंच धुराडी हीच त्याची ओळख. चाकणचा तरुण तेथे प्रथम पाऊल ठेवतो, तेव्हा भाषेइतकीच जेवणाची चिंता त्याला पडते. दुपारी सहकारी एकमेकांना 'माल्त्साइट' म्हणतात. शब्दाचा अर्थ जेवणाची वेळ. पण तो त्यांचा दुपारचा रामरामच होय. सायंकाळी मात्र पुष्कळ घरांत चूल पेटत नाही. राय नावाच्या धान्याचा काळसर, आंबूस पाव, लोणी, चीज आणि काकडी एवढ्यावर मंडळी तृप्त होतात. तव्यावरच्या गरम भाकरीची सवय असलेल्या पाहुण्याला हे जेवण की फराळ, तेच कळत नाही! मग यजमानीण एके दिवशी उकडलेल्या बटाट्यांचे वाफाळते भांडे पुढे ठेवते आणि पाहुण्याचा चेहरा खुलतो. हा तर आपल्याच गावचा माल!

खरे पाहता बटाटा चाकणचाही नव्हे आणि जर्मनीचाही नव्हे. त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी त्याला युरोपात नेले. आपल्याकडे 'बटाटा' हा शब्द आला तो पोर्तुगीजांकडून. युरोपातील शेतकरी प्रारंभी या परक्या कंदाकडे संशयाने पाहत. अखेर प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १७५६ साली बटाटे लावण्याची आज्ञा काढली. पोट्सडाम येथील त्याच्या समाधीवर लोक आजही बटाटे वाहतात.

आपल्याकडे तरी काय वेगळे घडले? पाव खाल्ला की धर्म बुडाला, असे मानणारे लोक महाराष्ट्रातही होते. आज त्याच पावात बटाट्याचा वडा घालून सारा महाराष्ट्र आवडीने खातो. दोन परके पाहुणे एकत्र आले आणि घरचेच झाले.

माणसांचेही असेच असते. १९६२ पासून वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात इटलीहून हजारो कामगार आले. त्यांची वस्ती गावापासून वेगळी, लाकडी घरांत होती. आपल्या देशाची कॉफी आणि आपले पदार्थ त्यांनी सोबत आणले. आज ते पदार्थ त्या गावात कोणालाच परके वाटत नाहीत.

चाकणच्या कारखान्यांतही आता बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेले कामगार शेजारी शेजारी बसून डबे उघडतात. कोणाच्या डब्यात सत्तू असतो, तर कोणाच्या डब्यात अनोळखी वासाची भाजी. एखादा नाक मुरडतो, कोणी हसतोही. हसणाऱ्याला ते थट्टेचे वाटते. पण डब्याचा धनी मान खाली घालून जेवतो. दूर देशी परक्या ताटातला पहिला घास ज्याने स्वतः धीर करून घेतला आहे, तो मात्र हसत नाही. तो आपली भाकरी मोडून अर्धी पुढे करतो आणि म्हणतो, "तुमच्याकडचेही थोडे चाखू द्या."