पायातला जोर

भाच्यानं ट्रकचं ब्रेक पेडल सोडवलं, डिझेलनं धुतलं आणि माझ्या हातात ठेवलं. पंजा टेकतो त्या लोखंडी पट्टीवर आडव्या खाचा आहेत. उजवीकडच्या अजून बोटाला लागतात. डावीकडच्या, माझ्या वडिलांचा, अण्णांचा अंगठा जिथं यायचा तिथल्या, पार गुळगुळीत झाल्यात. चपलेच्या रबरानं लोखंड एवढं झिजतं?

“आत्या, आता एकदाचं ठरवून टाक,” तो म्हणाला. “पॉवर ब्रेक बसवू, की आहेत तसे साधेच ठेवू?”

मला विचारायचं कारण एवढंच, की दादा गेल्यापासून त्या ट्रकचे मालक आम्ही दोघं.

ट्रक म्हणजे डॉज. अमेरिकन लष्कराचा पाऊण टनी, 1942 ते 1945 या काळात बनलेल्यांपैकी. युद्ध संपल्यावर अशा गाड्या डिस्पोजलमध्ये निघाल्या आणि हात बदलत बदलत त्यातली एक वाईला आमच्या दारात आली. ताडपत्रीचं छप्पर, दरवाजे नाहीत, स्टिअरिंग डावीकडं. मागच्या फाळक्यावर अण्णांनी ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असं पिवळ्या रंगात लिहून घेतलं होतं. पाऊण टन म्हणजे सातशे किलोच्या आतबाहेर. अण्णा त्यात पाचगणीच्या बटाट्याची किती पोती घालायचे, ते आरटीओच्या धाकानं आजही लिहीत नाही.

डावीकडं बसणाऱ्या ड्रायव्हरला पुढच्या गाडीपलीकडचं काही दिसत नाही. म्हणून क्लीनरची जागा उजवीकडं. सुट्टीच्या दिवसांत क्लीनर गावी गेला की त्या जागी मी. कमरेला सुती दोर, दोराचं दुसरं टोक सीटच्या दांडीला. “काय गं, मोकळं हाय का?” अण्णा विचारायचे. मी बाहेर वाकून बघायची आणि “या” किंवा “थांबा” म्हणायची. शाळकरी पोरीच्या एका शब्दावर बटाट्यानं लादलेला ट्रक एसटीला ओलांडून पुढं जायचा. अण्णांनी माझा शब्द कधी पडताळून पाहिला नाही.

पसरणीचा घाट उतरताना मात्र ओलांडणं बंद. ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, हा अण्णांचा नियम. दुसऱ्या गिअरात इंजिन घोंघावत असायचं. वळण आलं की अण्णा सीटवरून अर्धे उठायचे, पाठ मागं रेटायचे आणि उजवा पाय काठीसारखा सरळ व्हायचा. ते दाबायचे तसा मीही माझ्या बाजूचा पत्रा दाबायची. माझ्या पायाखाली पेडल नव्हतं, नुसता पत्रा. तरी ट्रक हळू झाला की त्यातलं थोडं माझ्याकडं जमा धरायची. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी काढली, की ड्रममध्ये पाणी शिरून ब्रेक काही वेळ धरायचेच नाहीत. अण्णा मग ब्रेकवर नुसता पाय ठेवून गाडी चालवायचे, लायनर तापून सुकेपर्यंत. तेव्हा मीही पत्र्यावर नुसता पाय ठेवायची.

दादाला सोळाव्या वर्षी कापणी झालेल्या रानात ट्रक शिकवला. पहिल्या दिवशी त्यानं क्लच विसरून दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. ट्रकनं गचका खाल्ला आणि इंजिन बंद पडलं. सगळे हसले आणि त्याला परत बसवलं. दोन वर्षांनी माझी पाळी आली असं मला वाटलं. अण्णा म्हणाले, “ब्रेकला पायात जोर लागतो. पोरीचं काम न्हाई.” दादाची पोटरी तेव्हा माझ्यापेक्षा जाड नव्हती. एवढी जुनी गोष्ट, पण अजून सुटत नाही.

भाचा ट्रकखाली आडवा होऊन मला समजावत होता. जमिनीतून वर आलेलं हे पेडल म्हणजे तरफ. साध्या ब्रेकला ही तरफ लांब ठेवतात. पायाचा जोर साधारण सहा पट होऊन ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरवर पडतो. पॉवर ब्रेकचा बूस्टर लावला तर चौपट पुरते. मास्टर सिलिंडरचा बोअर बारीक घेतला तर तेलाचा दाब वाढतो, पण पेडल खोल जातं. बोअर मोठा घेतला तर पेडल लगेच धरतं, पण दगडासारखं लागतं. जोर वाचवायचा तर अंतर मोजायचं, अंतर वाचवायचं तर जोर. तिसरी वाट म्हणजे बाहेरून मदत घ्यायची.

ड्रम ब्रेकला थोडी मदत घरचीच असते. चाक फिरतं तसं ते पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढून आणखी घट्ट बसवतं. डिस्कला ही सोय नाही. तिथं पॅड दोन्हीकडून नुसतं चिमटतात. म्हणून पुढं डिस्क बसवली तर बूस्टर जवळजवळ आलाच. ड्रम ठेवले तर साध्या ब्रेकवरही भागतं. घाटात मात्र ड्रमची वेगळी खोड. तापला की तो फुगतो, शूपासून लांब जातो आणि पेडल खाली खाली बसत जातं. जळक्या लायनरचा वास आला की अण्णा गाडी कडेला घ्यायचे. मी चाकाखाली दगड लावायची आणि आम्ही ड्रम निवायची वाट बघत बसायचो.

बूस्टर म्हणजे पत्र्याचा गोल डबा, मधे रबरी पडदा. पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा इंजिन ओढून घेतं. पेडल दाबलं की एका बाजूला बाहेरची हवा आत येते आणि पडदा ढकलते. बस्स, एवढंच. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो, आणि पडदा 23 सेंटिमीटर व्यासाचा असला तर क्षेत्रफळ 400 चौरस सेंटिमीटरच्या वर. निर्वात पोकळी अर्धवट धरली तरी अडीचशे किलोंचा रेटा फुकट मिळतो. सतराव्या शतकात जर्मनीतल्या माग्डेबुर्गचा महापौर ओटो फॉन गेरिके यानं तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना लावून आतली हवा उपसली आणि दोन्हीकडून घोडे जुंपले, तरी ते सुटेनात. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात त्या घोड्यांचं चित्र होतं. परीक्षेत मला त्याचे पूर्ण गुण मिळाले होते. हीच हवा ब्रेक दाबू शकते आणि मग पोरीच्या पोटरीचा प्रश्नच उरत नाही, हे त्या पुस्तकात कुठं नव्हतं.

“पण एक अडचण आहे,” भाचा म्हणाला. हवा ओढतं ते पेट्रोल इंजिन. त्याच्या तोंडाशी झडप असते, ती मिटली की मागं ओढ तयार होते. डिझेलला ती झडप नसते, म्हणून ओढही नाही. आणि आमचा डॉज आता डिझेल आहे. 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना, तेव्हा अण्णांनी त्याचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन काढून पर्किन्सचं डिझेल बसवलं. म्हणजे आता बूस्टर घ्यायचा तर हवा उपसणारा पंपही घ्यायचा, अल्टरनेटरच्या पाठीवर बसणारा. शिवाय पेडल जमिनीतून येतं, तेव्हा बूस्टरची जागा चेसिसला, फळीखाली, चिखलपाण्यात. आणि उतारावर इंजिन बंद पडलं तर डब्यातली शिल्लक एकदोनदा दाबण्यापुरती. पुढं अण्णांच्या वेळेपेक्षा जड पेडल, कारण तरफ आखूड केलेली. साध्या ब्रेकच्या बाजूनं एवढा एक मुद्दा मला खरोखरच पटला.

त्याचा दुसरा मुद्दा नाही पटला. व्हिंटेज गाड्यांच्या रॅलीत गाडी जितकी मूळ, तितके गुण जास्त. “ओरिजिनल ब्रेकची मजाच वेगळी आत्या. रस्ता पायाला कळतो.” रविवारी सकाळी तासभर ट्रक फिरवणाऱ्याला रस्ता पायाला कळतो. पोतीच्या पोती बटाटे रोज खाली आणणाऱ्याला गुडघा कळतो. पाट्यावरच्या चटणीची चव मिक्सरला नाही, हे आमच्या घरात जेवणाऱ्यांनीच म्हटलं. वाटणाऱ्या आईनं कधी म्हटलं नाही. आणि मूळ म्हणायचं तरी कशाला? इंजिन अण्णांनी बदललं, हेडलाइट टाटाचे, मागची फळी वाईच्या सुताराची. त्यांना परवडता बूस्टर मिळाला असता तर त्यांनी त्याच दिवशी बसवून घेतला असता, आणि जुनं पेडल दादाच्या हातून भंगारात पाठवलं असतं.

साठीजवळ अण्णांनी ट्रक सोडला. नजर अधू झाली, असं ते सगळ्यांना सांगायचे. माहेरी आले की मी कधीमधी उजवीकडं बसायची, आणि त्या जागेवरून दिसायचं ते मला ठाऊक आहे. शेवटी शेवटी वळणावर ते स्टिअरिंगवरचा उजवा हात सोडून तळवा गुडघ्यावर ठेवायचे आणि हातानं पाय दाबायचे. ब्रेकला लागणारा जोर त्यांच्याही पायात राहिला नव्हता. तरी “मोकळं हाय का?” असं विचारणं चालूच होतं. मी काही बोलले नाही. आमच्या घरात अशा गोष्टी बोलत नाहीत.

आशियातल्या पहिल्या महिला ट्रेनचालक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुरेखा यादव आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या. 8 मार्च 2011 ला त्यांनी पुण्याहून डेक्कन क्वीन मुंबईला नेली, म्हणजे 1 ला 37 उताराच्या बोरघाटातून अख्खी गाडी खाली उतरवली. ते वाचलं तेव्हा अण्णा नव्हते. रेल्वेच्या ब्रेकचं काम दाबलेली हवा करते. चालकाच्या हातात एक दांडा. तिथं कुणाच्या पोटरीचं माप घेत नाहीत. मी ते पान फाडून ठेवलं होतं, आणि कुणाला दाखवायचं ते सुचेना म्हणून परत घडी घातली.

तेव्हा मी भाच्याला माझा निकाल दिला. पहिल्यांदा मास्टर सिलिंडर दोन कप्प्यांचा घे. आत्ताच्या जुन्या एककप्पीत एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. बूस्टर असो नसो, ती चैन घाटात परवडत नाही. मग पंप आणि बूस्टर. पुढं डिस्क नको, ड्रमच ठेव. रॅलीतले गुण गेले तर जाऊ देत. गुण देणाऱ्यांना पसरणीचा घाट उतरायचा नाहीये. “आणि उद्या तुझी लेक चालवेल,” मी म्हटलं. “तिचा पाय काय जोराचा?”

लेक तिथंच पायरीवर मोबाइल बघत बसली होती. तिनं मान वर केली. “आजी, मला नाही चालवायचा हा ट्रक. एसी नाही, म्युझिक नाही, आणि बसायचं उलट्या बाजूला.”

मग बूस्टर मी कुणासाठी मागत होते, ते सगळ्यांना कळलं. भाचा ओठ दाबून हसला आणि चेसिसवर खडूनं बूस्टरची जागा आखायला लागला. म्हटलं, आता लाजून काय करायचं. डावीकडची सीटही चार बोटं पुढं घे, त्याला सांगितलं. माझे पाय आखूड आहेत.