गंधकापुरती भूक

कुरखेड्याच्या पंपावर आज मिळणाऱ्या डिझेलमध्ये किलोमागे जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम गंधक चालतं. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ मानक लागू झालं, त्याआधी बीएस-४ मध्ये ५० चालायचं. रिफायनरी हे गंधक काढते ते हायड्रोजनने, तीनशे-चारशे अंशांवर, प्रचंड दाबाखाली. मी ज्या जिवाणूंसोबत काम करतो ते हेच काम ३० अंशांवर, साध्या हवेत करतात.

ऱ्होडोकॉकस हे त्यांचं कूळ. अमेरिकेत जॉन किलबेन यांनी वेगळा केलेला आयजीटीएस-८ हा त्यातला गाजलेला वाण. तेलातल्या डायबेंझोथायोफिन या गंधकयुक्त संयुगातून तो गंधक तेवढं सोडवतो, कार्बनचा सांगाडा शाबूत ठेवतो. बाकीचे बहुतेक तेलखाऊ जिवाणू कार्बनच खातात. समुद्रात सांडलेल्या तेलाला ते ठीक, पण इंधनात सोडले तर ऊर्जाच फस्त.

या कामातली खरी कारागिरी उपाशी ठेवण्यात आहे. साखर पोटभर द्यायची, गंधक मात्र तेलातलंच. सोपं सल्फेट मिळालं की या जिवाणूची तेलातलं गंधक सोडवणारी जनुकं बंदच पडतात. म्हणून वाढीच्या माध्यमात मॅग्नेशियम सल्फेटच्या जागी मॅग्नेशियम क्लोराइड घालायचं, अमोनियमचा क्षारही क्लोराइडच. काचसामानाला धुण्याच्या साबणाचा अंश राहिला तरी प्रयोग फसतो. मग काही दिवसांनी वरचं पाणी काढून, सामू ८ वर आणून गिब्ज अभिकर्मकाचे थेंब टाकायचे. नळीत हळूहळू निळा रंग चढतो. गंधक सुटल्याची ती खूण. हा निळा रंग पाहायला मी अजूनही नळीसमोर उभा राहतो.

एवढं असूनही रिफायनरीत हा जिवाणू बसला नाही. तो पाण्यात राहतो, काम तेलात असतं, आणि गंधक सुटल्यावर मागे उरणारं हायड्रॉक्सिबायफेनिल त्यालाच बाधतं. वेग हजारो टनांना पुरत नाही. माझं मत स्पष्ट आहे: त्याने हायड्रोजनची जागा घेऊ नये, हायड्रोजनच्या मागून यावं. मिथिल गटांच्या आडोशाला बसलेलं जे गंधक रिफायनरीतल्या उत्प्रेरकाला दाद देत नाही, तिथे हा पोहोचतो.

नवे वाण अजून मातीतच आहेत. कुरखेड्यात विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींनो, गॅरेजपुढची, मळणीयंत्राखालची तेलाने काळी पडलेली चमचाभर माती आणा, ज्यात गंधक फक्त तेलातलंच मिळेल अशा माध्यमात टाका आणि काय वाढतं ते बघा.