टी-फोरमधला चार

नुसती झोप यायची. केस गळायचे, पोट साफ व्हायचं नाही, आणि घरात सगळ्यांचं एकच पालुपद, ‘दिवस गेलेत, चालायचंच.’ आठव्या आठवड्यात जालन्याला रक्त तपासलं तर थायरॉइडला कामाला लावणारा टीएसएच वाढलेला, म्हणजे ग्रंथी मंद. ‘थायरॉइड निघाला’ म्हणून मी रडवेली झाले. डॉक्टर मॅडम हसल्या, ‘अगं, तो प्रत्येकाच्या गळ्यात असतो!’ पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी जे सांगितलं, ते मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे!

थायरॉइडच्या टी-फोर हार्मोनमधला चार कशाचा, ठाऊक होतं तुम्हाला? आयोडिनच्या चार अणूंचा! टी-थ्रीमध्ये तीन. मला आपला तो अनुक्रमांक वाटायचा. आणि ऐका, ज्या एचसीजीमुळे चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटतात, ते टीएसएचशी इतकं मिळतंजुळतं, की आईच्या थायरॉइडलाही कामाला जुंपतं!

उपचाराची एवढी घाई का? तर बाळाची ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते, आणि तिचा हात बसेपर्यंत निम्मे दिवस सरतात. मेंदूची घडण मात्र कधीच सुरू झालेली! तोवर शेजारणीकडून विरजण आणावं तसं बाळ हे हार्मोन आईकडून घेतं. आईच्याच भांड्यात खडखडाट असला तर? म्हणून मला गोळी: सकाळी उपाशीपोटी, चहा अर्ध्या-एक तासाने, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी.

माझी ग्रंथी मंद, तिला गोळी. पण कच्चा माल आयोडिनच. समुद्र कुठे, आपलं जालना कुठे! ते येतं मिठातून. कांगडा खोऱ्यात 1956पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडिनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दाखवून दिलं, आणि 1962मध्ये गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. गरोदर बाईची गरज दिवसाला 250 मायक्रोग्रॅम. मी बसमध्येच हिशेब केला: नऊ महिन्यांचं मिळून सुमारे 70 मिलिग्रॅम. चिमूटभरसुद्धा नाही हो!

घरी आल्याआल्या सासूबाईंना एका दमात सगळं सांगितलं. आमची मिठाची बरणी कायम शेगडीशेजारी, उघडी. आणि उघड्यावर, उष्णतेत आयोडिन उडून जातं. त्या बरणीकडे बघत राहिल्या.

‘म्हंजी माझ्या नातवंडाचं डोकं ह्या बरणीत हाय व्हय?’

आणि त्यांनी झाकण घट्ट लावलं.