आधी प्रमाण, मग अंदाज

भिवंडीत मी स्वयंपाकाचे वर्ग घेते. गोदामात, पॉवरलूमवर काम करणारी, चौघं-पाच जण मिळून खोली करून राहणारी मुलं येतात, तशा नव्यानं संसार मांडलेल्या मुलीही येतात. खानावळीचं रोजचं तेल-तिखट सोसवत नाही म्हणून साधं वरण-भात, उसळ, पालेभाजी घरी जमावी, एवढीच त्यांची मागणी असते. घरी फोन केला की आई सांगते, ‘अंदाजानं घाल.’ तो अंदाज यावा म्हणून मी त्यांच्या हाती आधी पुस्तक देते.

मराठीत अशा पुस्तकांची वाण नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० सालचं. १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं आणि वाटी-चमच्याच्या मापानं घरोघरी पोचलं. वाटी लहान असो की मोठी, डाळ-तांदूळ-पाणी एकाच वाटीनं मोजलं की मेळ बसतो. मीठ-तिखट मात्र चमच्यानं मोजतात. वाटी मोठी आणि चमचा तोच, तर पदार्थ अळणी होणारच. म्हणून घरातली एक वाटी आणि एक चमचा स्वयंपाकासाठी कायमचा ठरवून ठेवावा.

कृतीतल्या क्रमामागचं कारणही कळायला हवं. वालाची उसळ, म्हणजे बिरडं, घ्या. वाल रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलायचे. फोडणीत परतले की झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवायचे. आतली वाफ त्या झाकणाला लागून थेंबाथेंबानं परत उसळीत पडते, त्यामुळे बिरडं करपत नाही. रसासाठी पाणी लागलं तर झाकणावरचं गरम पाणीच घालायचं. आमसूल मात्र दाणा बोटानं दाबला जाईपर्यंत घालायचं नाही; आंबट आधी पडलं की वाल लवकर शिजत नाहीत. शिवाय सोललेला वाल नाजूक, म्हणून ढवळायचं ते हलक्या हातानं.

काही गोष्टी मात्र आपल्या मुलखानुसार जुळवून घ्याव्या लागतात. नवा तांदूळ कमी पाणी मागतो, जुना जास्त. पुस्तकातलं पाणी आपल्या डब्यातल्या तांदळाला एकदा लावून पाहावंच लागतं. पावसाच्या सुरुवातीला ठाणे जिल्ह्याच्या बाजारांत आदिवासी बायका शेवळं विकायला आणतात. त्यांचा खाज आणणारा पिवळा भाग काढून टाकायचा आणि भाजीत काकडाची आंबट फळं घालायची, नाहीतर घसा खवखवतो. शेवळांबरोबर काकडं मागून घ्या, आणि भाजी कशी करायची हे विकणारीलाच विचारा. तिच्याइतकं नेमकं कोण सांगणार?

नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं वरण, भात, एक उसळ, एक पालेभाजी आणि एक कोशिंबीर एवढेच पदार्थ निवडावेत. पहिल्यांदा पुस्तकाबरहुकूम करावं, मनाचं काही घालू नये. मग पानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहावं: पाणी किती जास्त लागलं, मीठ किती कमी. पुढच्या वेळी तेवढाच एक बदल करून पाहावा. तीन-चार गोष्टी एकदम बदलल्या, तर चव कशानं सुधारली ते कळत नाही. आईचा अंदाज हाही वर्षानुवर्षं तेच मोजून, चाखून, सुधारून हातात बसलेला असतो. आईजवळ राहून शिकायची सवड ज्यांना मिळाली नाही, त्यांनाही तो या वाटेनं नक्की मिळवता येतो.